चुलीतली पाहुणी

निलम सावे नक्की काय काम करते, हे चिखले गावात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. काहींना वाटे ती वीज खात्यात आहे, कारण ती घरोघर जाऊन दिवे किती, पंखे किती, असं विचारत फिरायची. त्यामुळे लाईट गेली की शेजारपाजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहत. "निलम, किती वेळ लागंल गो?" काहींच्या मते ती गॅसवाल्यांकडे होती. तिच्या सासूबाई कुसुमबाई मात्र विचारणाऱ्याला ठामपणे सांगत, "आमची सून चुली मोजते."

"मोजून काय करते?"

"मुंबईला कळवते."

"मुंबईला कशाला हव्यात आपल्या चुली?"

"ते मुंबईला विचार," असं म्हणून कुसुमबाई चिकू निवडायला लागत.

कुसुमबाईंचं फार चुकत नव्हतं. मुंबईत एक अभ्यास करणारी संस्था होती. गरिबाच्या घरात जळण किती लागतं, ते आणण्यात बाईचा दिवस किती जातो, दिव्याचा उजेड कुठवर पोचतो, हे गोळा करून ती सरकारला सुचवायची की बाबा, इथे हे द्या, तिथे ते देऊ नका. दोन हजार चौदा साली त्यांना डहाणू-तलासरीकडे फिरायला इथलंच माणूस हवं होतं. निलमचं शिक्षण मराठी शाळेतलं, बी.ए. डहाणूचं. गुजराती तिला बाजारामुळे येत होती, आणि वारली बोली सासरच्या वाडीत चिकू उतरवायला येणाऱ्या बायकांनी शिकवली होती. नवरा जतीन म्हणाला, "जा. वाडी मी बघतो. तुला घरात बसून माणसं भेटत नाहीत म्हणून तू माझ्याशी भांडतेस."

पहिल्या दिवशी तिला मुंबईहून एक शब्द मिळाला होता, ऊर्जा दारिद्र्य. तो तिनं पाठ केला आणि पहिल्याच घरात म्हटला, "आजी, आम्ही ऊर्जा दारिद्र्याचा अभ्यास करतोय." आजीनं तिच्याकडे काळजीनं पाहिलं आणि म्हणाली, "बस बाय. च्या पी." त्यानंतर तो शब्द तिनं पुन्हा कुठल्या घरात काढला नाही. ती विचारायची, सैपाक कशावर करता, मोळी कोण आणतं, डोळे चुरचुरतात का. मग बायका आपणहून बोलायच्या, आणि बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत.

तिच्या पिशवीत मोळी उचलून वजन करायचा ताणकाटा असायचा आणि त्याच्या शेजारी कुंकवाचा करंडा. करंडा कामाचा नव्हता, पण तो नसला तर तिला उघडं वाटायचं. चारोटीकडून गंजाडला जाताना महालक्ष्मीचा डोंगर दिसला की रिक्षात बसल्या बसल्या तिचे हात जोडले जात. तेवढंच. देवाबद्दल ती कुणाशी फारसं बोलत नसे.

सतराच्या श्रावणात त्या चुली आल्या. पत्र्याच्या, बुटक्या, आतून मातीचा थर दिलेल्या, पुढे लाकूड घालायला एक लहानसं तोंड. निम्म्या लाकडात सैपाक होतो आणि धूरही कमी, असं बनवणाऱ्याचं म्हणणं. म्हणणं खरं का, हे निलमच्या संस्थेनं बघायचं होतं. म्हणून दोन पाडे निवडले. एक गंजाडकडचा चिंचपाडा, एक तलासरीकडचा उंबरपाडा. दोन्हीकडे थोड्या थोड्या घरांना चूल द्यायची, चुलीच्या पोटाशी बटणाएवढं एक यंत्र चिकटवायचं. चूल कधी तापली, किती वेळ तापली, ते यंत्र आपल्या आत टिपून ठेवणार. बायका त्याला टिकली म्हणू लागल्या. ठरलं होतं ते सगळ्यांना सांगितलं होतं: चुली वापरल्या गेल्या तर पुढच्या वर्षी उरलेल्या घरांना आणि आजूबाजूच्या पाड्यांनाही मिळतील. नाही वापरल्या तर उचलून दुसऱ्या तालुक्यात जातील, आणि अहवालात लिहिलं जाईल की इथल्या लोकांना त्या नकोत.

त्या दिवशी सकाळी टेम्पो चिंचपाड्यात हाल्याच्या अंगणात उभा राहिला. चुली एका ओळीत मांडल्या. बायका लांब, कुडाला पाठ लावून उभ्या. रेशनच्या रांगेत उभं राहावं तशी त्यांची तोंडं. निलमला ते बघवेना. आपल्या घरी साधी नवी शेगडी आली तरी सासूबाई तिला हळद-कुंकू लावल्याशिवाय काडी ओढू देत नाहीत, आणि इथे बायांच्या घरात चूल येतेय ती अशी, पत्र्याचा डबा दिल्यासारखी.

तिनं करंडा काढला. हाल्याची बायको भिकी, पाड्यातली जुनी जाणती बाई, तिच्याकडून मूठभर तांदूळ मागून घेतले. भिकीची सून रखमी लगबगीनं सोनटक्क्याची फुलं घेऊन आली. पहिली चूल भिकीची. निलमनं तिच्यावर तांदळाची छोटी रास केली, रासेवर सुपारी ठेवली, फूल वाहिलं, हात जोडले आणि मनापासून म्हणाली, "अन्नपूर्णामाते, ये. या चुलीत येऊन बस. या घरांना कधी कमी पडू देऊ नकोस." मग ओळीतल्या प्रत्येक चुलीला तसंच केलं. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. बायका जवळ आल्या. रखमी तर इतकी हसत होती की जणू तिच्या घरी लग्न आहे.

आता चुली पेटवून दाखवायच्या, दूध उतू घालायचं, असं निलमच्या मनात होतं. तेवढ्यात टेम्पोवाला लाहू हॉर्न वाजवायला लागला. "निलमताई, ओढ्याचं पाणी चढतंय. आता निघालो नाही तर तलासरी उद्या बघा." ती धावतच टेम्पोत चढली. उंबरपाड्यात पोचेपर्यंत पावसानं करंड्यातलं कुंकू चिखल झालं होतं. तिथल्या चुली तिनं छपराखाली तशाच वाटल्या, कशा पेटवायच्या ते सांगितलं, आणि कपडे पिळत घरी आली.

गणपती गेल्यावर दोन्हीकडच्या टिकल्यांतली माहिती मोबाइलवर उतरवून घेतली गेली. उंबरपाड्याच्या चुली रोज तापत होत्या. चिंचपाड्याच्या सगळ्या थंडगार. एकसुद्धा पेटलेली नाही.

मुंबईच्या कचेरीत हा अभ्यास निधी नावाची मुलगी सांभाळत होती. निलमपेक्षा वयानं लहान, पण कामाला वाघीण, आणि बोलणं सरळ. तिचा फोन आला.

"निलमताई, टिकल्या बिघडल्यात का?"

"सगळ्याच कशा बिघडतील?"

"तेच म्हणतेय. मग फरक कुठे आहे? माणसं तीच, शेती तीच. मी नकाशा काढून बसले. चिंचपाड्याच्या पाठीमागे जंगल आहे, उंबरपाड्याच्या नाही."

निलमलाही ते पटलं. "हो, लाकूड पाठीमागेच आहे त्यांच्या."

"म्हणजे लाकूड वाचवायची गरजच नाही त्यांना. निलमताई, हे मोठं आहे. जंगलाजवळच्या पाड्यांना अशा चुली देण्यात अर्थ नाही, असं आपण सुचवू शकतो. सगळीकडे लागू होईल." निधी खुशीत होती. दोन दिवसांत तिनं जंगलावर दोन पानं लिहून काढली. नवरात्रात ती स्वतः येऊन एकदा बघणार होती आणि त्याच आठवड्यात टेम्पो चिंचपाड्यातल्या चुली उचलणार होता. या अहवालावर पहिल्यांदाच निलमचं नाव निधीच्या नावाखाली येणार होतं.

निलमला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण भात कालवता कालवता तिला रखमी आठवायची. चूल मिळाली तेव्हा कशी हसत होती. आणि जून महिन्यात तिनंच तर सांगितलं होतं की डोंगरावरून मोळी आणून मान धरते. जंगल पाठीमागे होतं खरं, पण चढावर होतं. मग ही बाई चूल का पेटवत नाही?

पितृपक्ष चालू होता. एके दिवशी वाडीतलं आवरून ती एकटीच चिंचपाड्याला गेली.

भिकीच्या घरात शिरली तर आत धूर भरलेला. तीन दगडांच्या चुलीपुढे भिकी खोकत, फुंकणीनं फुंकत बसलेली. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, शेणानं सारवलेल्या आणि वरून तांदळाच्या पिठीनं रेघा ओढलेल्या ओट्यावर नवी चूल. लखलखीत. तिच्यावर तांदळाची रास, सुपारी, आणि त्याच सकाळी वाहिलेलं ताजं फूल.

निलमनं वाकून चुलीच्या तोंडात पाहिलं, आत राखेचा कणही नव्हता. मग म्हणाली, "भिकीबाय, ही चूल तुम्ही वापरत का नाही?"

भिकीनं तिच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "तिच्यात बाय बसलीय ना."

"कोण बाय?"

"तुमची बाय. तुमीच बसवली. पूर्णा का कोण."

"अन्नपूर्णा," रखमी पाठीमागून म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून हसली.

"तीच. आता तिच्या अंगावर लाकडं पेटवू?"

निलम होती तिथे खाली बसली. "मग सगळ्यांनीच..."

"सगळ्यांच्याच चुलीत बसवली ना तुमी. आमच्या एकटीच्या थोडीच."

"अहो, पण मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं?" भिकी म्हणाली. "आमाला वाटलं, तुमच्याकडं तशी रीत असंल. तुमचे गणपती नाय का, कोणाकडं दीड दिवस, कोणाकडं पाच. ही किती दिवस बसते ते आमाला काय ठावं? आमी वाट बघत होतो."

"मी म्हटलं होतं, विचारू या," रखमी म्हणाली. "तर सासू म्हणते, पाहुणी आलेली आहे, तिला कधी जाणार असं विचारतात का?"

बाहेर ओट्यावर हाल्या दोरी वळत बसला होता. त्यानं मान न वळवता आवाज दिला. "आमचा भगत देवाला बोलावतो ना बाय, तर त्याला पोचवल्याशिवाय घरी जात नाय. तुमी टेम्पोत बसून गेल्या."

बरोबरच होतं ते. आवाहन केलं आणि विसर्जन केलंच नाही. उत्तरपूजा झाल्याशिवाय गणपतीच्या मखराला हात लावू न देणाऱ्या घरातली ती, आणि पाडाभर देवी बसवून, तिला तशीच ठेवून निघून आली होती. ह्या बायांनी बिचाऱ्यांनी तिच्या देवीला रोज फूल वाहिलं, आणि स्वतः धूर खात बसल्या. जंगलाचा इथे काही संबंधच नव्हता.

तिला हसूही येत होतं आणि कानही तापले होते. "थांबा, मी आत्ताच तिला उठवते," असं म्हणून ती पुढे झाली.

"आत्ता?" भिकीनं तिचा हात धरला. "एवढे दिवस घरात राहिली, आणि उपाशी धाडता? काय खायला तरी घाला तिला."

निलमनं हात मागे घेतला. पितृपक्ष आहे हेही तिच्या तेव्हाच ध्यानात आलं.

घरी येऊन तिनं कुसुमबाईंना सगळं सांगितलं. कुसुमबाई गवार मोडत होत्या. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"बसवलीस आणि तशीच आलीस?"

"पाणी चढत होतं हो आई."

"अगं, हळदीकुंकवाला आलेल्या बाईला आपण फाटकापर्यंत सोडायला जातो. देवीला नाही गेलीस?" आणि मग त्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात. जतीन बाहेरून विचारत आला, काय झालं, तर त्यालाही सांगावं लागलं. तो म्हणाला, "मुंबईवाल्यांनी माहिती घ्यायला पाठवली होती. ही माहेरवाशीण ठेवून आली."

"पुरे हं," निलम म्हणाली. "आता घट बसायच्या आत जाऊन उठवून येते."

"मधे दिवस कुठे आहेत? सर्वपित्री झाली की लगेच घट. आणि एकदा नवरात्र लागलं की मग देवीला उठवायची नाही," कुसुमबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "सगळीकडे बसलेली असते तेव्हा तू बसवलेली तेवढी उठवणार? दसऱ्याला उठवायची. नैवेद्य दाखवून."

इथेच पेच होता. निधी येणार नवरात्रात, आणि टेम्पो दसऱ्याच्या आत. गुपचूप पितृपक्षातच उरकून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. चुली पेटल्या असत्या, टिकल्यांनी ऊब दाखवली असती, निधी म्हणाली असती, अरे वा. पण तसं करायचं म्हणजे एकीकडे देवीशी वाकडं वागायचं आणि दुसरीकडे निधीशी. निलम संध्याकाळी दिवा लावून देवापुढे जरा जास्त वेळ बसली. उठली तेव्हा ठरलं होतं. निधीला सांगायचं, आणि दसऱ्यापर्यंत टेम्पो थांबवायचा. निधीनं तो थांबवला नाही तर चुली जाणार, आणि थांबवला तरी आपलं नाव जाणार. नाव गेलं तर गेलं, चुली राहायला हव्यात.

निधी आली ती तिसऱ्या माळेला. चारोटीला हायवेवरच्या हॉटेलात दोघी बसल्या. निलमचा उपास होता, तिनं नुसता चहा घेतला. निधीनं मिसळ मागवली. पहिला घास तोंडात जायच्या आत निलमनं सांगायला सुरुवात केली, आणि सुपारीपासून हाल्याच्या दोरीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

निधीचा चमचा तसाच राहिला होता.

"म्हणजे जंगलाचा संबंध नाही?"

"लाकूड जवळ आहे, हे खरं. पण रखमीची मान धरते, हेही खरं."

"मी दोन पानं लिहिलीत, निलमताई."

"मीच हो म्हटलं होतं तुम्हाला. मलाही तेच वाटलं होतं."

निधी चमचा ठेवून नुसताच पाव चावत बसली. मग म्हणाली, "आपण मोजायला जातो. आपण तिथे आहोत याचा परिणाम होऊ नये म्हणून मी रात्र रात्र प्रश्नांची भाषा तपासते. आणि तुम्ही प्रत्येक चुलीत एक एक देवी बसवून आलात."

"हो."

"सगळ्या चुलीत एकच, की वेगवेगळी?"

निलमला हा प्रश्न चेष्टेचा आहे की खरा ते कळेना. "एकच. ती सगळीकडे असते."

निधीला हसू फुटलं. पाव घशात अडकला, पाणी प्यावं लागलं. पण हसून झाल्यावर ती पुन्हा गंभीर झाली. "हे मला कचेरीत सांगावं लागेल. दोन महिन्यांचं चिंचपाड्याचं काम फुकट गेलं."

"माझं नाव काढून टाका अहवालातून. मला वाईट वाटणार नाही." हे शेवटचं तितकंसं खरं नव्हतं.

"नाव काढलं म्हणून झालं ते पुसलं जातं का? नाव राहील. आणि जे झालं तेही लिहू, जसं झालं तसं." निधीनं पावाचा तुकडा मोडला. "टेम्पो मी पुढे ढकलते. दसऱ्यानंतर महिनाभर बघू. पण तेव्हाही चुली थंड राहिल्या, तर उचलाव्या लागतील. मग जंगल की देवी, ते मला विचारू नका."

दसऱ्याला घरची पूजा, आपट्याची पानं, हत्यारांना हळद-कुंकू, सगळं सकाळी सकाळी उरकून निलम निघाली, तर कुसुमबाई नवीन लुगडं नेसून फाटकाशी उभ्या. "मी येते. तुझ्यावर सोडलं तर पुन्हा काहीतरी अर्धं ठेवून येशील."

चिंचपाड्यात कुसुमबाई पहिल्यांदाच येत होत्या. इतकी वर्षं तिथल्या बायका त्यांच्या वाडीत येत होत्या, त्या कधी आल्या नव्हत्या. भिकीनं त्यांना ओळखलं. "वाडीवाली बाय, तुमी? चिकू कोण उतरवतंय मग?"

"झाडावरच आहेत. आज तुम्ही आला नाहीत, मग कोण उतरवणार?"

"तुमच्या पाहुणीनं अडकवून ठेवलं आमाला," भिकी म्हणाली, आणि दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या ओट्यावर बसल्या.

नैवेद्याला तांदळाची खीर करायची होती. ती अर्थात जुन्याच चुलीवर झाली, धुरात. दाराशी पाड्यातल्या बाया गोळा झाल्या होत्या. त्यासाठी मुंबईहून पुन्हा आलेली निधी एका कोपऱ्यात, कॅमेरा पिशवीत ठेवून, हात जोडून उभी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

निलमनं खीर ठेवली, पाणी फिरवलं, अक्षता वाहिल्या. "माते, तू आलीस, राहिलीस. या बायांनी तुझं सगळं नीट केलं. माझ्याकडून राहिलं होतं, ते पोटात घे. आता सुखानं जा, आणि बोलावलं की ये." तिनं सुपारी जरा सरकवली.

मग भिकीनं हळूच विचारलं, "गेली?"

"गेली."

"नक्की?"

"सुपारी हलवली की गेली," कुसुमबाई म्हणाल्या. "आमच्याकडं असंच असतं."

रखमी त्याचीच वाट बघत होती. तिनं काटक्या आधीच तोडून पदरात ठेवल्या होत्या. निलमनं तांदूळ-सुपारी उचलून ताटात घेतली न घेतली, तोवर चुलीच्या तोंडात काडी पेटली. आधी दूध ठेवलं, ते उतू गेलं तेव्हा बाया हसल्या, मग चहा झाला. भिकीनं चहा पिता पिता वर छपराकडे पाहिलं. "धूर कुठं गेला?" तिनं जरा नाराजीनं विचारलं. धूर नाही म्हणजे छपराला कीड लागेल, असं तिला वाटत होतं. निधीनं ते मनात टिपून घेतलं.

मग घरोघर. प्रत्येक घरात खीर, प्रत्येक घरात अक्षता, कारण जिथे जिथे बसवली तिथून तिथून उठवायला हवी. निलमचा घसा बसला. शेवटचं घर बायजीचं. बायजी म्हातारी, एकटी राहणारी. तिच्या चुलीवर झेंडूची माळ होती आणि पुढे पणती.

"हिला नका उठवू," बायजी म्हणाली.

"अहो आजी, चूल वापरायला नको का?"

"माझी दगडाची हाय ना. मी एकटी, मला किती लागतं? ही घरात हाय तर बोलायला कोणतरी हाय. मी हिला सगळं सांगते. राहू दे."

निलमनं निधीकडे पाहिलं. निधीनं कुसुमबाईंकडे पाहिलं. कुसुमबाईंनी खिरीची वाटी बायजीच्या चुलीपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "पाहुणीची आणि घरच्यांची दोघांची इच्छा असेल तर आपण कोण बोलणार? चला."

महिन्याभरानं टिकल्या वाचल्या तेव्हा चिंचपाड्याच्या चुली तापत होत्या. उंबरपाड्याइतक्याच. पण एक खरं सांगायचं तर, सगळा सैपाक त्यांच्यावर होत नव्हता. चहा, भात, डाळ नव्या चुलीवर, आणि नाचणीची भाकरी जुन्या, कारण रुंद तवा नव्या चुलीवर डगडगायचा. छपराला धूर हवा म्हणूनही भिकी सकाळी थोडा वेळ जुनी पेटवायची. निधीनं तेही लिहिलं. जंगलाची दोन पानं तिनं काढून टाकली. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी त्याबद्दल तिला ऐकवलं, पण अहवाल वाचल्यावर, एवढं सगळं खरं लिहिलेला अहवाल बऱ्याच दिवसांनी वाचला, असंही म्हणाले. त्यात निलम सावे हे नाव होतं, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: एका घरात चूल पूजेत आहे.

अठरा साली उरलेल्या घरांना चुली आल्या, शेजारच्या पाड्यांनाही आल्या. तिथल्या बायकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "चिंचपाड्यात बसवली तशी आमच्याकडंही बसवा. पण दसऱ्यापर्यंत नको." तेव्हापासून निलमचं काम ठरून गेलं आहे. ती अंगणात हळद-कुंकू लावते, देवीला बोलावते, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवते आणि तिथल्या तिथे निरोप देते. निधी आली असली तर काडेपेटी घेऊन बाजूला उभी असते. सुपारी हलली की चूल पेटते, दूध उतू जातं, आणि मगच निलम टेम्पोत चढते. लाहूनं कितीही हॉर्न वाजवला तरी.

एकोणिसात दिवाळीच्या आधी ती बायजीकडे गेली होती. चूल तशीच कोपऱ्यात, माळ ताजी. बायजीनं तिला चहा दिला आणि जरा आडून आडून म्हणाली, "बाय, आता माझ्याच्यानं मोळी नाय येत. भिकी म्हणते, तिला निम्मी लाकडं पुरतात. मला पण एक चूल मिळंल काय?"

"आजी, तुमच्याकडे आहे की."

"ती तिची हाय," बायजी म्हणाली. "मला माझी पायजे."

निलमनं बाहेर येऊन निधीला फोन लावला. निधीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एका घराला दोन चुली? कारण काय लिहू?"

"लिहा," निलम म्हणाली, "घरात पाहुणी राहायला आहे."

पलीकडून टाइप केल्याचा टकटक आवाज आला. मग निधी म्हणाली, "बरं. पाठवते."